सटवाजीचे पागोटे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव नेमके कुठे होते हे कोणाला सांगता येत नाही. निदान मला तरी येत नाही. नदीवर बांध होता, बांधातून पाट निघत होता आणि त्या पाण्यावर गाव जगत होते, एवढे मात्र सांगणारे सगळे सारखेच सांगतात.

त्या गावात सटवाजी नावाचा पाटकरी होता. पाटाचे पाणी पाळीपाळीने ज्याच्या त्याच्या वावरात सोडायचे, हे त्याचे काम. त्याच्या बायकोचे नाव गोजरा. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी एका तापात तिचे कान गेले. मोठ्याने ओरडल्याशिवाय तिला ऐकू येत नसे.

म्हणून सटवाजी रोज संध्याकाळी पाय धुऊन अंगणात बसे आणि दिवसभरात घडलेले सगळे तिला ओरडून सांगे. कोणाची म्हैस व्याली, खेकड्यांनी पाट कुठे पोखरला, पाटील कुठे घसरून पडले आणि उठताना काय म्हणाले. त्यांचा मुलगा हिरू रांगत होता तेव्हापासून तो मोठा होईपर्यंत यात एक संध्याकाळ चुकली नाही. साऱ्या आळीला ते ऐकू जाई. सटवाजीच्या घरात गुपित असे काही टिकतच नसे.

भिंतीला भिंत लागून लिंबाजीचे घर होते. दोघांची वावरेही शेजारी, आणि दोन्ही वावरांना पाटाचे तोंड एकच.

लिंबाजी वाईट नव्हता. कष्टाळू होता, घरात त्याने काही कमी पडू दिले नव्हते. पण त्याची बायको भागा रोज संध्याकाळी सूप घेऊन भिंतीपाशी बसे. धान्य केव्हाच निवडून झालेले असे, तरी ती बसून राही आणि मधूनच हसे. लिंबाजी बाजेवरून ते बघत राही. त्याच्या बोलण्यावर ती कधी अशी हसली नव्हती. खरे तर तो फारसा बोललाच नव्हता, पण हे त्याच्या ध्यानात येत नसे.

एकदा तो तिला म्हणाला, "त्या घरातला शब्द या घरात आणायचा नाही. तुला ऐकायचं तर ऐक. मला सांगू नकोस."

भागाने मान हलवली आणि ते पाळले.

मग लिंबाजीने भिंत वाढवायला घेतली. दर उन्हाळ्यात मातीचा एक थर तो तिच्यावर चढवी. त्याच्या अंगणातला वारा बंद झाला, तुळस पिवळी पडली. सटवाजीचा आवाज मात्र पूर्वीसारखाच येत राहिला.

एक वर्ष फार कोरडे गेले. त्यातच लिंबाजी हिवतापाने पडला. एका पहाटे भिंतीला धरून तो कसाबसा परसात आला, तेव्हा त्याला लांब पाटावर सटवाजी दिसला. सटवाजीने इकडेतिकडे पाहिले आणि फावड्याने दोघांच्या वावरांचे तोंड उघडले. त्या दिवशी पाळी पाटलांची होती. लिंबाजी खाटेवर परतला तो जवळजवळ बरा होऊनच. सटवाजी पाणी चोरतो! ज्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी, तो चोर आहे, आणि हे फक्त आपल्याला ठाऊक आहे.

त्याने कोणाला सांगितले नाही. सटवाजीलाही विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि लिंबाजीला उत्तर नको होते.

त्या साली सटवाजीची मिरची वाळून गेली. चोराला देवाने धडा दिला, असे लिंबाजीला वाटले. त्याची स्वतःची मिरची मात्र हिरवीगार राहिली. पुढे कितीतरी वर्षे तो पारावर सांगे, "माझ्या जमिनीला ओल धरून ठेवायची सवयच आहे." गाव मिशीत हसे. लिंबाजीला वाटे, जळतात.

मग सटवाजी म्हातारा झाला आणि एका सकाळी पाटाच्या काठावर बसल्या बसल्या गेला.

त्या गावात अशी रीत होती, की तेराव्याला गेलेल्या माणसाविषयी घरच्यांनी बोलायचे नाही, ते गोडच बोलणार. लांबच्यांनीही बोलायचे नाही, त्यांना काय ठाऊक. बोलायचे ते भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याने. मेलेल्याचे पागोटे हातात धरून, स्वतः पाहिले असेल तेवढेच त्याने सांगायचे. सांगून झाल्यावर त्याने ते पागोटे मुलाच्या डोक्याला बांधले, तर बापाचे काम मुलाला मिळे. जमिनीवर ठेवले, तर ते काम दुसऱ्या घरात जाई.

तेराव्याला सगळे गाव पिंपळाखाली जमले. बायका एका अंगाला बसल्या, त्यांत गोजरा. हिरू समोर उघड्या डोक्याने उभा राहिला. लिंबाजीच्या हातात पागोटे दिले.

हिरूचे त्याने काही बिघडवायचे ठरवले होते असे नाही, असे मला वाटते. त्याला फक्त सटवाजीची गावभर चाललेली वाखाणणी एकदा थांबलेली पाहायची होती.

"सटवाजी चांगला होता असं तुम्ही सगळे म्हणता," तो म्हणाला. "मी पाहिलं ते सांगतो. कोरड्या साली, पाटलांच्या पाळीला, त्यानं आमच्या वावरांचं तोंड उघडलं. पहाटे, इकडंतिकडं बघून."

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. हिरूची मान खाली गेली. शेवटी पाटलांनी विचारले, "लिंबाजी, पाणी गेलं कुठं, ते पाहिलंस का?"

"त्याच्या वावरात. आणखी कुठं जाणार?"

तेव्हा बायकांमधून भागा उठली. पदर सारखा करून ती नवऱ्याला म्हणाली, "धनी, सांगू का? पण त्या घरातला शब्द आहे."

साऱ्या गावासमोर नाही कसे म्हणणार? लिंबाजीने मान हलवली.

"त्या सांजेला सटवाजी भावजी गोजराबाईला सांगत होते," भागा म्हणाली. "लिंबाजीचा ताप हटेना, त्याची मिरची मान टाकतेय. पाटलांची पाळी मी आज त्याच्यासाठी मागून घेतली आणि आपली त्यांना दिली. आपली मिरची गेली तर गेली. पण हे लिंबाजीच्या कानावर घालू नकोस, त्याला उपकार सोसत नाहीत." ती नवऱ्याकडे वळली. "कोणाला सांगू नकोस, हेसुद्धा ओरडूनच सांगितलं त्यांनी. साऱ्या आळीनं ऐकलं. तुम्ही तेवढे कानावर घोंगडी ओढून निजला होता."

सटवाजीचे वाळलेले वावर लिंबाजीला आठवले. ते पाहून आपल्याला झालेला आनंदही आठवला. पारावर हसणाऱ्या मिशा आठवल्या.

त्याने हातातल्या पागोट्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मी तोंड उघडताना पाहिलं. पाणी कुठं गेलं ते पाहिलं नाही. पाहायला हवं होतं."

त्याने हिरूच्या डोक्याला पागोटे बांधले. ते वाकडे बसले. हिरूने ते सरळ केले नाही.

त्याच संध्याकाळी लिंबाजीने भिंतीवरचे थर काढायला सुरुवात केली. माती खाली येता येता पलीकडचे अंगण दिसू लागले. गोजरा एकटीच बसली होती. हिरू पाटावर गेला होता. तिला आता दिवस सांगणारे कोणी नव्हते.

लिंबाजीने घसा खाकरला आणि ओरडून सांगितले, की पाटाला पाणी बरे आहे. मग, की पाटलांचा बैल लंगडतो आहे. पुढे त्याला काही सुचेना.

गोजरा म्हणाली, "भावजी, तुम्ही नुसतं सांगता. ते सांगायचे तेव्हा तो बैल दिसायचा."

मागे भागा हसली. आणि गंमत पाहा, मेलेल्या माणसाचा लिंबाजीला अजूनही हेवा वाटत होता.

पण दुसऱ्या दिवशी पाटावरून जाताना तो त्या बैलापाशी थांबला आणि तो कोणता पाय उचलतो ते त्याने नीट पाहून घेतले. संध्याकाळी सांगायचे होते.

बोध: हेवा करणाऱ्याला दुसऱ्याच्या हातातले फावडे दिसते, पण त्याने सोडलेले पाणी आपल्याच वावरात आले आहे, हे दिसत नाही.