त्याच दिवशीचे सरंगे

"मुदत हिशेब सांगायला दिली होती गं! कर भरायला कुणी दिली?" कारभारी विसोबा भर दरबारात चांगुणा कोळणीवर खेकसला.

पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढल्या की कोळ्यांनी हंगामाचा हिशेब सांगायचा आणि होडीमागं टोपलीभर सरंगे, म्हणजे पापलेट, सरकारात भरायचे, असा तिथला कायदा. तेव्हा चांगुणाचा नवरा जोमा तापानं फणफणत होता. तिनं मुदत मागितली. राजानं नारळी पुनवेपर्यंत दिलीही. आता पुनव झाली, होडी दर्यात गेली, ताजे सरंगे घेऊन ती आली, तर हे नवीनच त्रांगडं!

"ही आजची मासळी," विसोबा म्हणाला. "कर होड्या ओढल्या त्या दिवशीचा. त्याच दिवशीचे सरंगे आण, तेही ओले! सुकट चालायची नाही. उद्यापर्यंत आणले नाहीस तर होडी जप्त!"

"महाराज, असं कुठं असतं का?"

राजा पक्का हट्टी. "कायदा म्हणजे कायदा!"

होडी गेली म्हणजे चूल गेली. चांगुणा तणतणत घरी आली.

जोमा म्हणाला, "रड आता."

"मी कशाला रडू? रडंल तो विसोबा!"

दुसऱ्या दिवशी ती हजर. काखेत टोपली, डोक्यावर मडकं.

"आणलेस?" विसोबानं विचारलं.

"आणले की! सरकारचा वाटा त्याच दिवशी मडक्यात घालून तोंड लिंपलं होतं. देण्याच्या वाट्याला आम्ही हात लावत नाय. काल आणायची लाज वाटली, पण तुम्हीच मागितलात. ओलेच हायेत, बघा!"

तिनं लिंपण फोडलं.

देवा रे! आधी भालदार पळाला, मागनं पुरोहित. राजानं शेला नाकात कोंबला.

"अगं, हे कुजलेत!" विसोबा किंचाळला.

"कुजणारच! मी ठेवले तेव्हा ताजे होते. सरंगे माझे, मुदत सरकारची. दोन्ही एकाच मडक्यात मुरलंय. तुमची मुदत तेवढी काढून घ्या कारभारी, माझे सरंगे ताजेच निघतील!"

विसोबानं आ वासला. त्या वासात आ वासायचा म्हणजे शिक्षाच!

"टोपलीत आजचे हायेत. बोला महाराज, तुमच्या ताटात कुठले वाढू?"

राजा नाक दाबून हसायला गेला, ते जमेना. शेवटी नाक सोडून खो खो हसला!

"टोपली मुदपाकखान्यात न्या! कर पोचला. हिच्या होडीला सरकारातून नवं शीड द्या. आणि हे मडकं विसोबाच्या घरी पोचवा. कायद्यानं खरा कर तोच ना, कारभारी?"