ब्रिजितचं पाणी

"कुणीतरी आपल्याच हातानं पाणी प्यायलंय इथं."

वाट दाखवायला आलेल्या गावच्या कैतानकाकांनी ओली करवंटी उचलून सगळ्यांसमोर धरली. ओहोटीत खाडीतून चालत आलेली शहरातली मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. समोर खाडीच्या मधल्या वाळूच्या दांड्यावर हातभर रुंदीचा झरा होता. भरतीला तो खाऱ्या पाण्याखाली बुडतो, ओहोटी लागली की पुन्हा गोडच्या गोड.

"इथं दुसऱ्याला पाजायचं," काका म्हणाले, "आणि कुणीतरी आपल्याला पाजेपर्यंत थांबायचं. स्वतःची ओंजळ स्वतः भरायची नाही." मग वाळूत बसून त्यांनी गोष्ट सांगितली.

फार जुन्या काळी रेवटाळी गावात ब्रिजित नावाची मुलगी होती, असे सांगतात. इनासशी तिचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, घागरी भरून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. लहानपणापासून ब्रिजितनं ते दुसऱ्यांच्या डोक्यावरून ओघळताना पाहिलं होतं. आता ते तिच्यासाठी निघालं होतं. पुढे वाजंत्री, मागे गाणाऱ्या बायका, आणि पहिली घागर तिच्याच आयच्या डोक्यावर.

मिरवणूक खाडीच्या काठानं वळली आणि वाजंत्र्यांच्या आवाजातून आयच्या मागून चालणाऱ्या ब्रिजितला दुसराच आवाज ऐकू आला. पाणी... पाणी...

आदल्या दिवशी या दांड्यावर परगावचा एक पडाव, मालाची मोठी होडी, रुतला होता. आतल्या माणसांना पटकी झाली होती. ओहोटीत त्यांतले दोघे गावाकडे यायला निघाले, तर गावानं काठ्या दाखवून त्यांना परतवून लावलं. जो तिकडे जाईल त्यानं गावात पाऊल टाकायचं नाही, असंही ठरलं. सकाळी चर्चमधल्या मिस्सेत त्या लोकांसाठी प्रार्थना मात्र झाली. गाव श्रद्धाळू होतं ना!

ब्रिजित थांबली. "आय, घागर दे."

"वेडी झालीस? ते आपले कोण लागतात?"

"क्रुसावर प्रभूला तहान लागली तेव्हा तो तरी कुणाचा कोण लागत होता?"

"अगं, परत येऊ देणार नाहीत तुला!"

ब्रिजितलाही ते ठाऊक होतं. तिनं मिरवणुकीसोबत आलेल्या इनासकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग तिनं आयच्या डोक्यावरची घागर स्वतःच्या डोक्यावर घेतली, लग्नाचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि ती खाडीत उतरली. वाजंत्री बंद पडली. म्हणे त्या वेळी खाडी इतकी शांत होती, की घागरीतलं पाणी डुचमळल्याचा आवाज काठावरच्या बायकांना ऐकू येत होता.

पडावातल्या माणसांची डोकी मांडीवर घेऊन तिनं घोट घोट पाणी पाजलं. कुणाची जात विचारली नाही, देव विचारला नाही. भरती आली, ओसरली, पुन्हा आली. काठावरून ती दिसायची ती धुक्यातल्या बगळ्यासारखी, वाकलेली, उठलेली, पुन्हा वाकलेली. पडाव हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलानं तिला विचारलं, "पोरी, तू प्यालीस का?"

"तुम्ही घ्या, बाबा. माझं झालंय."

झालेलं नव्हतं. घागर रिकामी झाली तेव्हा काही माणसं वाचली होती आणि ब्रिजित तापानं फणफणून वाळूवर पडली होती. तिचे ओठ फाटले होते. पडावातून वाचलेल्या तांडेलाच्या सुनेला ते बघवेना. वेड्यासारखी ती नखांनी वाळू उकरू लागली. खाऱ्या खाडीच्या मधोमध गोडं पाणी कुठून येणार? पण आलं, असे सांगतात. आधी ओल, मग ओंजळभर. त्या परक्या बाईनं ते ब्रिजितच्या तोंडाला लावलं. ब्रिजित प्यायली, हसली, आणि तिनं डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

काठावरून हे पाहणारा इनास तेव्हा पाण्यात शिरला. कुणी काठी उगारली नाही. त्याच्यामागे ब्रिजितची आय उतरली, मग पाटील, मग सगळं गाव उतरलं. वाचलेल्यांना त्यांनी पाठीवर घेऊन घरी नेलं. उशीर झाला होता, पण नेलं.

"आजही रेवटाळीत लग्न असलं की पहिली घागर इथूनच भरतात," काका म्हणाले. "नवरीला न्हाऊ घालण्याआधी तिच्या हातून त्यातलं पाणी अनोळखी माणसांना पाजतात. माणसं मिळाली नाहीत तर रस्त्यावर जाऊन शोधतात. तोवर लग्न थांबतं."

वाऱ्यानं वाळूवर बारीक लाटा उठत होत्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. एकानं झऱ्याचा फोटो काढला, एकानं छातीवर क्रुसाची खूण केली.

मासळीची पाटी डोक्यावर घेऊन खाडी ओलांडणारी एक कोळीण केव्हाची त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं पाटी खाली ठेवली आणि पदरानं मान पुसली.

"रडून झालं असेल तर कुणीतरी मला पाणी पाजा गो," ती म्हणाली. "घसा सुकला माझा."