कुंपणापलीकडे गेलेला छर्रा

दोन ओढ्यांच्या बेचक्यात वसलेल्या एका गावात विश्राम राणे नावाचा माणूस राहत होता. त्याची उमेदीची सारी वर्षं एसटीची गाडी चालवण्यात गेली. गाडी मागे घ्यायची झाली, तर आधी खाली उतरून मागे कुणी नाही ना हे तो स्वतःच्या डोळ्यांनी बघे. निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या परड्यात चिकू आणि पपई लावली. झाडं धरली, फळं आली, आणि फळांच्या मागोमाग वानरंही आली.

विश्रामने डबे बडवले. फटाके लावले. बुजगावणं उभं केलं, तर वानरं त्याच्याच खांद्यावर बसून पपई खाऊ लागली. शेवटी वैतागून तो तालुक्याला गेला आणि छऱ्याची बंदूक घेऊन आला.

"हिला परवाना लागत नाही," दुकानदार म्हणाला. विश्रामच्या ध्यानात तेवढंच राहिलं. समोर भक्कम आडोसा हवा, भरून ठेवू नये, असं दुकानदार पुढे सांगत होता. पण विश्राम तोवर पायरी उतरला होता.

"शेजारी माणसं राहतात हो," त्याची बायको रजनी म्हणाली.

"वाघ मारायची बंदूक आहे का ही? वानरं भ्यायली की झालं."

तेव्हापासून बंदूक छर्रा भरूनच ओटीवर भिंतीला टेकलेली असे.

परड्याला कुंपण होतं अडुळशाचं. दाट होतं, पण शेवटी पानांचंच. पलीकडे इंदूवहिनींचं अंगण. दुपारी त्या तिथे तांदूळ पाखडत बसत आणि शेजारी गोधडीवर त्यांची तान्ही नात पडलेली असे. सुपाचा तो आवाज विश्रामच्या इतका सवयीचा होता, की तो त्याला ऐकूच येत नसे.

एका दुपारी एक दांडगा वानर कुंपणालगतच्या पपईवर चढला. विश्रामने बंदूक उचलली, नेम धरला आणि चाप ओढला. वानर टुणकन उडी मारून पसार झाला. अडुळशाची दोन पानं गळली.

आणि सुपाचा आवाज थांबला.

विश्राम कान देऊन उभा राहिला. आता सुरू होईल, मग सुरू होईल. आवाज आला नाही. जन्मभर गाडी मागे घेताना खाली उतरून बघितलं, मग आज पानांच्या आड काय आहे ते का नाही पाहिलं? बंदूक माळ्यावर टाकावी आणि विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घेत बसावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. कुणी पाहिलं नव्हतं. पण पलीकडे ती तान्ही होती. तो बंदूक टाकून धावला.

अंगणात सूप पालथं पडलं होतं. तांदूळ विखुरले होते आणि त्यांच्यावर लाल थेंब होते. गोधडी रिकामी होती.

"वहिनी!" त्याने हाक मारली. उत्तर आलं नाही. तो आत शिरला.

मोरीपाशी इंदूवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एका हाताने पदर कपाळावर दाबलेला, दुसऱ्या हाताने नात छातीशी धरलेली. पोरीचं झबलं रक्ताने माखलं होतं आणि ती हलत नव्हती. तेवढ्यात पोरीने भोकाड पसरलं आणि त्याला कळलं, रक्त तिचं नव्हतं.

"दगडबिगड उडाला वाटतं, भाऊजी," वहिनी पुटपुटल्या. "डोळ्यावर लागलंय."

तान्ही धावत आलेल्या रजनीच्या हाती देऊन विश्रामने वहिनींना रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय लागलं?"

"दगड," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी टाके घालायची तयारी केली. विश्रामच्या मनात आलं, गप्प राहिलं तर पोलीस नाहीत, गावात बोभाटा नाही. दोन टाके पडतील आणि सगळं मिटेल. डॉक्टरांचा हात जखमेकडे गेला, तसा त्याच्या तोंडून शब्द फुटला.

"दगड नाही, डॉक्टर. छर्रा आहे. माझ्या बंदुकीचा."

वहिनींनी उघडा डोळा त्याच्याकडे वळवला. ती नजर झेलण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

एक्सरे काढला, तेव्हा छर्रा भुवईच्या हाडाशी रुतलेला दिसला. "बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाले. "वरून शिवून टाकलं असतं तर आत पू धरला असता. डोळाही गेला असता."

जबाब घ्यायला हवालदार आले. "परवाना लागत नाही म्हणून सांगितलं होतं हो, साहेब," विश्राम म्हणाला.

"परवाना लागत नाही, पण माणसाला छर्रा लागतो ना!" हवालदार म्हणाले. "तुमच्या चाळ्याने दुसऱ्याला इजा झाली की तो गुन्हाच. आणि वानराला लागला असता, तरी वनखात्याने सोडलं नसतं."

विश्रामने कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली ती भोगली. वहिनींचा डोळा वाचला. जप्त झालेली बंदूक परत मिळाली, तेव्हा तो ती मोडायला निघाला.

"बंदुकीचं काय चुकलं, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही रोखाल तिकडेच ती बघते."

मग विश्रामने फळझाडांवर जाळी टाकली. परड्याच्या डोंगराकडच्या टोकाला, जिकडे घर नाही की वाट नाही, तिथे मातीचा पुरुषभर उंच, रुंद बांध घातला आणि त्याच्यापुढे नेमाची फळी रोवली. बंदूक रिकामी करून पेटीत कुलूपबंद ठेवली, छर्रे दुसरीकडे. पुढे कधीमधी तो नेमबाजी करी ती त्या बांधावरच, आणि आधी शेजाऱ्यांना सांगून.

पहिल्या दिवशी त्याने कुंपणाशी येऊन हाक दिली, "वहिनी, बांधावर नेम धरतोय हं."

"थांबा, भाऊजी! पोरीला आत घेते."

पावलं लगबगीने घरात गेली. दार ओढल्याचा आवाज आला. मग कडी लागली. मग वरची खिटीही.

विश्राम कुंपणाशी ऐकत उभा राहिला. त्या दिवशी त्याने बंदूक भरलीच नाही.

तात्पर्य: नेम धरण्याआधी नेमाच्या पलीकडे कोण आहे ते पाहावे; सुटलेला छर्रा परत येत नाही, आणि जखम भरली तरी भय लवकर भरून येत नाही.