गुंजीचे पाय टेकेनात

साधाच बुधवार होता. गुंजी उंदरी दारात बसून शेंगा सोलत होती. कट, कट, कट.

भुर्रकन चिमणी आली.

"गुंजे, तुझे घूसकाका आजारी आहेत. टेकडीपलीकडे खोकत अंथरुणावर पडून आहेत. तुला बोलावलंय. म्हणाले, गाडी घेऊन ये. तू चालव, मी मागे बसतो. एकदा तरी बसायचंय म्हणाले."

गुंजीच्या हातातली शेंग खाली पडली.

गाडी म्हणजे काकांची लाल मोटरसायकल. काकांनीच ती गुंजीला दिली होती. पाय ठेवायला तिला दोन बाजूंना दोन फळ्या. पण काका लंबू आणि गुंजी टिंगू. फळ्या काकांच्या मापाच्या.

गुंजी गाडीवर चढली. फळ्या खाली, पाय वर. लोंब लोंब लोंब. गाडी डुगडुगली. गुंजी पडली, धप्प.

टेकडी मोठी. चालत गेलं तर दोन दिवस.

गुंजीने गाडी ढकलत ढकलत बेडूक मेस्त्रीकडे नेली.

"मेस्त्री, मेस्त्री, फळी वर घ्या ना. माझे पाय टेकेनात, काकांकडे जाता येईना."

"डराँव. दोन मिनिटांचं काम," मेस्त्री म्हणाला. "पण नट फिरवायला पाना नाही. कावळ्याने नेलाय. तो आण, मग बघू."

गुंजी निघाली. तुरु तुरु तुरु.

"कावळेदादा, कावळेदादा, पाना दे ना. मेस्त्री फळी घेईना, माझे पाय टेकेनात, काकांकडे जाता येईना."

"वा गं वा," कावळा म्हणाला. "पाना घरट्यात खोचलाय, काढला तर भोक पडेल. भोकात काय तुला कोंबू? शेळीचे केस आण, मग बघू."

गुंजी निघाली. तुरु तुरु तुरु.

"शेळीताई, शेळीताई, केस दे ना. कावळा पाना देईना, मेस्त्री फळी घेईना, माझे पाय टेकेनात, काकांकडे जाता येईना."

"आली मोठी न्हावीण," शेळी म्हणाली. "रिकाम्या पोटी मी केस देत नाही. बाभळीच्या शेंगा आण, मग बघू."

ऊन डोक्यावर आलं. गुंजी निघाली. तुरु तुरु तुरु.

"बाभळीमावशी, बाभळीमावशी, शेंगा पाड ना. शेळी केस देईना, कावळा पाना देईना, मेस्त्री फळी घेईना, माझे पाय टेकेनात, काकांकडे जाता येईना."

"मी आपणहून शेंगा पाडत नाही बाई," बाभळ म्हणाली. "वारा हलवतो, मग पडतात. वारा आण, मग बघू."

गुंजी दमली. पाय दुखले. तरी निघाली. तुरु… तुरु… तुरु.

वारा टेकडीच्या पायथ्याशी लोळत होता.

"वारोबा, वारोबा, सुटा ना. बाभळ शेंगा पाडेना, शेळी केस देईना, कावळा पाना देईना, मेस्त्री फळी घेईना, माझे पाय टेकेनात, काकांकडे जाता येईना."

गुंजीने कान टवकारले. आता हा काय मागणार?

"सुटतो की," वारा म्हणाला. "सकाळपासून रिकामाच पडून आहे. मला कुणी बोलावलंच नाही."

आणि वारा सुटला. सूं सूं सूं.

बाभळीने शेंगा पाडल्या. टप टप टप.

शेळीने शेंगा खाल्ल्या, कुटुर कुटुर, आणि केस दिले.

कावळ्याने केस घेतले आणि पाना दिला. खण्ण.

मेस्त्रीने पाना लावला. कुर्र कुर्र कुर्र. नट सैल झाला. फळी वर आली.

"बस. टेकतात का?"

"चवडे टेकतात. टाचा नाही."

मेस्त्रीने फळी अजून थोडी वर घेतली.

"आता गुडघे पोटाला लागतात."

"मग जरा पुढे सरकवू." कुर्र कुर्र. "आता?"

गुंजीने पाय ठेवले. चवडे टेकले. टाचा टेकल्या. गुडघे सुखात. मेस्त्रीने दुसरी फळीही तशीच बसवली आणि नट घट्ट केले.

"बघ," मेस्त्री म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

गुंजीने वर पाहिलं. ऊन कललं होतं.

गाडी निघाली. धड धड धड. गाडी डुगडुगली नाही. गुंजी पडली नाही. टेकडी चढली, टेकडी उतरली. काकांचं बीळ आलं.

दारात काकू बसली होती. आत कुणी खोकत नव्हतं.

"काकू, काका कुठे आहेत? मी गाडी आणलीय."

काकूने तिला जवळ घेतलं.

"काका गेले गं, गुंजे. दुपारी गेले. आता ते परत यायचे नाहीत. सारखे विचारत होते, गाडी वाजली का, गाडी वाजली का."

"मी सकाळीच निघाले होते, काकू."

"हो गं बाळा. तुझं काही चुकलं नाही."

काकूने गाडीकडे पाहिलं. फळ्यांकडे पाहिलं.

"पाय टेकतात का आता?"

"टेकतात," गुंजी म्हणाली.

पाय छान टेकत होते. काकांना मागे बसवायचं मात्र राहून गेलं.