घाटावरचा चहा

एक गाव होतं, पाहुणचाराला फार जपणारं. कारखान्याच्या सांडपाण्यानं त्याची नदी काळी पडली होती. दरवर्षी तपासणीचे साहेब यायचे. पण पाहुण्याला नाल्याच्या घाणीत कसं बसवायचं, म्हणून गावच त्यांना वरच्या अंगाला, देवळाच्या घाटावर न्यायचं. तिथंच चहा, तिथंच तपासणीसाठी नदीच्या पाण्याची बाटली भरायची. कारखान्याचा नाला नदीला मिळायचा तो मात्र पार खाली.

सारिकाचं घर त्या नाल्याच्याही खाली. नदीच्या पाण्यानं न्हाऊन तिच्या लेकीच्या अंगावर पुरळ उठलं, ताप भरला. पोरीला खांद्यावर टाकून ती घाटावर आली.

साहेबांनी बाटली उन्हात धरली. "बघा, काचेसारखं पाणी! उगाच बोंबलता. नदी ठणठणीत आहे."

सारिकानं थर्मामीटर पुढं केला. "साहेब, एवढा काखेत धरा."

"अहो बाई, ताप तुमच्या मुलीला आहे ना? मग माझ्या काखेत कशाला?"

"तेच म्हणते मी. दुखणं नाल्याच्या खाली आहे, मग बाटली वर कशाला भरता?"

सरपंच दत्तूअण्णांनी हातातली कपबशी खाली ठेवली. साहेब उठले, नाकाला रुमाल लावून खाली गेले आणि दुसरी बाटली भरली.

पुढं नाला बंद झाला, गाळही उपसला. लेकीचा ताप उतरला, पुरळाचे डाग राहिले. मासे काही परतले नाहीत. सारिकाला अजून राहून राहून वाटतं, पहिल्याच वर्षी साहेबांना चहा नाल्यापाशी दिला असता तर!