युकुलेले उलटं धरलं तेव्हा

"...मग काय खोटं बोलायचं, मास्तर? तार भणभणतेय, ताल जागोजागी अडखळतोय, आणि आपण म्हणायचं, छान?"

इनासमास्तरांनी मान वर केली नाही. सोनचाफ्याची फुलं केळीच्या पानावर मांडून ते एकेक पुडा बांधत होते.

श्रीरंगनं प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला जरा चढ्या आवाजात.

मास्तर म्हणाले, "ऐकलं मी."

आणि पुढचं पान घेतलं.

हे असंच व्हायचं. ठाण्याहून भर उन्हात यायचं, बोलून बोलून घसा कोरडा करायचा, आणि मास्तरांनी आपली फुलं बांधत बसायचं. श्रीरंगला हे चांगलं ठाऊक होतं. तरी दर वेळी तो मनातून चिडायचाच.

वसईकडच्या त्या गावात इनासमास्तरांना लोक थट्टेनं फकीर म्हणत. तरुणपणी त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं होतं. पुढे राहतं घर पुतण्याला देऊन टाकलं आणि स्वतः वाडीतल्या बावखलाच्या काठी, म्हणजे झाडांच्या पाण्यासाठी खणलेल्या तळ्याच्या काठी, एका खोलीत येऊन राहिले. खोलीत एक खाट, एक चूल आणि खिळ्यांना टांगलेली दोन-तीन युकुलेले. गिटारच्या धाकट्या बहिणी शोभाव्यात अशी ती चार तारांची वाद्यं. कुणी शिकायला आलं तर शिकवायचं, नाही आलं तर चाफा विकायचा, असा त्यांचा खाक्या.

श्रीरंग टिपणीस त्यांच्याकडेच शिकला. आता तो स्वतः शिकवत होता, तेही फोनवरून. अकोल्याचे एक बँकेतले साहेब, कराडच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, इचलकरंजीचा एक कॉलेजकुमार, असे कुठकुठले लोक आपलं वाजवणं रेकॉर्ड करून त्याला पाठवत. तो ऐकायचा आणि उलट आवाज रेकॉर्ड करून चुका सांगायचा. कान इतका तयार, की बोट दांडीवरच्या फ्रेटच्या आडव्या पट्टीजवळ पडलंय की लांब, हे न बघता ओळखायचा. या कानाचा त्याला भारी तोरा होता. एक सूर जरी हुकला तरी त्याला स्वस्थ बसवत नसे.

पण शिकणारे टिकत नव्हते. येत, थोडे दिवस उत्साहानं वाजवत, आणि मग गुपचूप गळून जात.

"मी एकही गोष्ट चुकीची सांगत नाही," श्रीरंग म्हणाला. "बोट पट्टीच्या अगदी मागे टेकवा. अंगठ्यानं दांडी आवळू नका. कॉर्ड, म्हणजे बोटांची पकड, बदलताना तारा छेडणारा हात थांबवू नका. आधी नुसतं एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाऊन बघा, सावकाश. यात काय चूक आहे?"

"काही नाही."

"मग?"

...

मास्तरांनी दोरा दातानं तोडला. "कुणाचं बोलतोयस?"

"सगळ्यांचंच."

"सगळ्यांसाठी एवढ्या उन्हात कुणी येत नसतं."

बावखलात काहीतरी डुबुक्कन पडलं, बेडूक असावा. श्रीरंगनं रुमालानं मान पुसली, रुमालाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

मग म्हणाला, "जुईचं."

जुई त्याची मुलगी. तेरा वर्षांची. श्रीरंग आणि त्याची बायको वेगळे झाले तेव्हा ती आईबरोबर नागपूरला गेली. फोनवर बोलायला गेलं की 'जेवलीस का' आणि 'शाळा काय म्हणते' याच्यापुढे दोघांचीही गाडी सरकत नसे. म्हणून त्यानं तिला वाढदिवसाला युकुलेले पाठवलं. ही युक्ती मात्र लागू पडली. दर रविवारी तिचं रेकॉर्डिंग यायला लागलं. त्या दिवशी सकाळपासून श्रीरंगचं लक्ष फोनकडे. गॅसवरचं दूध उतू जायचं, पण फोन हातातून सुटायचा नाही. बापलेकीत उरलं होतं ते एवढंच.

दिवाळीनंतर ते यायचं थांबलं. आता चैत्र सरत आला होता.

त्यानं विचारलं तर परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा संपली, तरी रविवार कोरडेच जात राहिले. तिच्या त्या भणभणत्या तारेची त्याला इतकी आठवण यायची, की कधीकधी तो जुनीच रेकॉर्डिंग लावून बसायचा. ऐकता ऐकता चुका काढायचा आणि डोळे पुसायचा.

हे सगळं त्यानं मास्तरांना तुटक तुटक सांगितलं.

"शेवटचं लाव," ते म्हणाले.

श्रीरंगनं फोन खाटेवर ठेवला. साधं, चार ओळींचं गाणं होतं. जुई वाजवता वाजवता बारीक आवाजात गात होती. मध्येच ताल अडखळला, कॉर्ड बदलताना हात थांबला, एक तार सारखी भणभणत राहिली. मास्तरांच्या पायाचा अंगठा हलत होता. जुईचा हात थांबला की अंगठाही हवेत थांबायचा, ती निघाली की पुन्हा टेकायचा.

गाणं संपलं.

"सी कॉर्डवरून एफवर जाताना हात थांबतो," श्रीरंग लगेच म्हणाला. "आणि भणभण आहे ती नखांची. नखं वाढवलीत तिनं. नुसतं ऐकून ओळखलं मी. म्हटलं, आधी नखं काप."

"केवढं बोललास?"

"म्हणजे?"

"गाणं मिनिटभराचं. तुझं बोलणं केवढं?"

श्रीरंगनं फोनकडे पाहिलं. तशी पाहायची गरज नव्हती.

"पाच मिनिटं."

"गाणं कुणाचं?"

"माझंच. म्हणजे गाणं कसलं... ती लहान असताना आंघोळीला रडायची, तेव्हा जोडलेलं. कावळोबा न्हाणीत शिरतात आणि साबण पळवतात, असं काहीतरी. आमच्या दोघांशिवाय कुणाला माहीतही नाही."

"तू तिला वाजवायला दिलंस?"

"नाही. तिनंच बसवलं. कॉर्डसुद्धा तिचे तिनंच शोधले."

"त्यावर काय म्हणालास?"

...

श्रीरंग आपलं बोलणं मनात चाळायला लागला. पाच मिनिटांत तो सगळ्यावर बोलला होता. बोटांवर, अंगठ्यावर, नखांवर. गाण्यावर एक अक्षरही नाही.

"मी तिला छान म्हणायला हवं होतं," तो हळूच म्हणाला.

"छान सगळेच म्हणतात. आई म्हणत असेल, शेजारीण म्हणत असेल." मास्तरांनी फुलांची टोपली बाजूला सारली. "तेवढ्यासाठी ती तुला कशाला पाठवेल?"

"मग काय म्हणू? तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते तसंच्या तसं बोलतो. मला रविवारी तिचं वाजवणं ऐकायचंय, मास्तर. दुसरं काही नको. एकदा आलं ना, की परत कधी चूक काढणार नाही मी."

इतकी वर्षं तो इथे येत होता, पण असा आवाज त्यानं मास्तरांसमोर कधी काढला नव्हता.

मास्तर उठले. खिळ्यावरचं एक युकुलेले काढून त्याच्या हातात दिलं. श्रीरंगनं ते सवयीनं घेतलं, दांडी डाव्या हातात. मास्तरांनी ते त्याच्याकडून काढून घेतलं, फिरवलं आणि दांडी उजव्या हातात दिली.

"तेच गाणं."

"असं उलटं?"

मास्तर समोरच्या बाकड्यावर जाऊन बसले.

श्रीरंगला हसू आलं. मग तो वाजवायला गेला आणि हसू मावळलं. जी तार खाली असायची ती वर गेली होती. सी कॉर्डला एकच बोट लागतं, पोरं पहिल्या दिवशी शिकतात ते. त्याचं ते एक बोटसुद्धा जागा शोधत भटकायला लागलं. शिवाय उजव्या हाताची नखं त्यानं तारा छेडायला म्हणून मुद्दाम वाढवलेली. बोट टेकवलं की आधी नख टेकायचं आणि तार भणभणायची. हुबेहूब जुईसारखी.

कान आपला सगळं ऐकत होता. तोच तर वैताग होता. चाळिशी उलटलेला माणूस, गावोगावच्या लोकांना धडे देणारा, आणि कावळोबांच्या चार ओळींनी त्याला पार घामाघूम करून सोडलं.

गाणं कसंबसं संपलं. हात खाली घ्यायच्या आधी त्यानं नकळत मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं.

...

मास्तर काही बोलेनात.

"बोट पट्टीपासून लांब पडतंय," श्रीरंगच म्हणाला. "नखं लागतायत. आणि ताल तर..."

"मी विचारलं?"

श्रीरंग थांबला. पण नजर काही त्याला खाली घेता येईना. काहीतरी बोला, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं. काहीही बोला. समोरचा म्हातारा आता एक शब्द जरी बोलला तरी पुरे होतं, आणि नाही बोलला तर हे वाद्य ठेवून उठून जावं, असं त्याला खरोखर वाटलं.

"साबणाची ओळ दोनदा येते," मास्तर सावकाश म्हणाले. "पहिल्यांदा तुझा हात थांबला. दुसऱ्यांदा नाही थांबला. कसं केलंस?"

श्रीरंगनं आठवून पाहिलं. खरंच, नव्हता थांबला. त्याच्या तयार कानानं तेवढंच ऐकलं नव्हतं.

"मधलं बोट... आधीच तारेच्या वर नेऊन ठेवलं होतं बहुतेक."

"पुन्हा ने."

त्यानं नेलं. कॉर्ड अजून भणभणत होता, पण हात थांबला नाही. त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. मग त्यानं ते पुन्हा केलं, कुणी न सांगता. आणि पुन्हा.

वर पाहिलं तेव्हा मास्तरांनी टोपली परत पुढ्यात ओढली होती.

किती वर्षं तो याच खाटेवर बसून वाजवत आला होता, आणि मास्तर हेच विचारत आले होते. कसं केलंस? छान नाही, वाईट नाही, नुसतं कसं केलंस. आणि ते काय विचारतील म्हणून श्रीरंग आठवडाभर वाट पाहायचा. जुईनंही पाहिली असेल. रेकॉर्डिंग पाठवून, फोन हातात धरून, नागपूरच्या त्या घरात. आणि मग बाबांचा पाच मिनिटांचा आवाज आला असेल.

त्याला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही आणि मास्तरांनीही न पाहिल्यासारखं केलं नाही.

"मास्तर... हे तिला पाठवू?"

मास्तरांनी तांब्या पुढे केला. श्रीरंग पाणी प्यायला, त्यानं तोंड पुसलं आणि फोन उशीला टेकवून उभा केला. मग रेकॉर्डिंग सुरू केलं.

"जुई," तो म्हणाला, "मी आज युकुलेले उलट्या हातात धरलंय. आपलं कावळोबाचं गाणं वाजवतो. मला नीट येत नाहीये. ऐक, आणि काय वाटतं ते सांग."

मग त्यानं वाजवलं. पहिल्या साबणाशी हात थांबला नाही. त्या खुशीत त्यानं मान वर केली आणि तिसरी ओळ कोसळली. बोट घसरलं, भलतीच तार वाजली, त्याला शब्दही आठवेनात. तो हसला, आणि तसाच धडपडत शेवटापर्यंत पोचला.

रेकॉर्डिंग थांबवून त्यानं ऐकून पाहिलं. कान लगेच जागा झाला. तिसरी ओळ पार वाया गेली होती. मधलं हसणंही कसंतरीच वाटत होतं. असलं काही त्यानं आजवर कुणालाही ऐकवलं नव्हतं, आणि हे तर मुलीकडे जाणार होतं, इतक्या महिन्यांनी. त्याचं बोट रेकॉर्डिंग पुसून टाकायला पुढे झालं.

मास्तरांनी फोनवर तळहात ठेवला.

"एकच मिनिट, मास्तर," श्रीरंग अजिजीनं म्हणाला. "अजून एकदा वाजवतो. या वेळी नीट वाजवून पाठवतो."

मास्तरांनी हात उचलला नाही.

"नीट वाजवलंस," ते म्हणाले, "तर तिला बोलायला काय उरेल?"