बुडाविना मडकं

फार वर्षांमागची गोष्ट. नदीवर पूल नव्हता, मीठ बैलांच्या पाठीवरून गावात येई, तेव्हाची. नांदरुखी गावात गोजाबाई कुंभारीण अंगणात बसून मडकी थापत होती. दिवस रोजच्यासारखाच होता. कोंबड्या ओल्या मातीत पाय घालत होत्या आणि ती त्यांना हाकलत होती.

कुंभाराच्या घरी मडकं दोघांचं असतं. पुरुष चाकावर मडक्याचं तोंड आणि गळा घडवतो, दोऱ्यानं कापून खाली उतरवतो. तेव्हा त्याला बूड नसतं. मग बाई आतून दगडी गुंडा धरते, बाहेरून थापीनं थापटते, पोट फुगवत नेते आणि शेवटी बूड मिटवते. तोंड त्याचं, बूड तिचं.

तिचा नवरा सटवाजी झिलईची माती आणायला घाट चढून गेला होता. त्या मातीचा हात फिरवला की मडकं कबुतराच्या मानेसारखं चमकतं, असं त्याच्या कानावर आलं होतं. निघताना त्यानं पुष्कळ मडकी उतरवून ओल्या फडक्यांखाली ठेवली.

"एवढी थापून होतील तोवर येतोच," तो म्हणाला.

"म्हणजे मी सावकाश थापायचं, नि तुम्ही मोकळं हिंडायचं," गोजाबाई म्हणाली.

थापता थापता एकच मडकं उरलं. तिनं त्यात गुंडा घातला, थापी उचलली, तेवढ्यात नदीपलीकडून मिठाचे बैल निघाले. बैलवाल्यानं तिला ओळखलं आणि हाक घातली.

"कुंभार गेला गं, बाई!"

नदीला पाणी होतं, आवाज तुटत होता. गोजाबाई काठावर धावली. "कुठं गेला?"

बैलवाल्यानं काठी वर केली. वर घाट होता. घाटाच्या वर आभाळ होतं. बैल पुढं गेले होते, त्यांच्यामागं तोही निघून गेला.

सांजेला आळीतल्या बायका जमल्या. कोंडाबाई सुतारीण डोळे पुसत म्हणाली, "गोजे, कुंकू पूस बाई आता."

"कशावरून?"

"अगं, गेला म्हणाला ना तो? गेला म्हणजे गेला!"

"परवा तुमची म्हैस गेली म्हणून गाव डोक्यावर घेतलंत, वैनी. सांजेला आली की ती दावणीला."

बायकांना हसावं की रडावं कळेना. गोजाबाईलाही कळत नव्हतं. काही माणसं घाटावर जाऊन आली. कुणी म्हणालं, तो पुढच्या मुलखात गेला. कुणी म्हणालं, दरड आली होती. तो बैलवाला पुन्हा त्या वाटेनं आला नाही.

रोज सकाळी ती कुंकवाला बोट लावी आणि बोट कपाळाशी थांबे. कधी लावी, कधी हात धुऊन टाकी. एका हातात बांगड्या होत्या आणि एक हात मोकळा होता, असं म्हणतात. मात्र त्या उरलेल्या मडक्यावरचं फडकं तिनं कधी सुकू दिलं नाही. त्यानं शेवटचं घडवलेलं तोंड होतं ते. बूड लावलं, की ते भाजायला आव्यात जाणार. मग त्याच्यासाठी राखलेलं काही उरणार नव्हतं. आणि नाहीच लावलं, तर मडकं कसलं ते?

पुढं मोठा दुष्काळ पडला. नदीची वाळू तापली, विहिरींचे तळ दिसले, पण ते फडकं तसंच ओलं राहिलं, असं म्हणतात. चिमण्या येऊन त्यात चोच बुडवत. मग एके सकाळी गोजाबाईनं फडकं उचललं, तर न भाजलेल्या कच्च्या मातीवर झिलई चढली होती. निळी, हिरवी, कबुतराच्या मानेसारखी.

आळी लोटली. कोंडाबाई वाकून म्हणाली, "गोगलगाय फिरली असेल गं."

गोजाबाईनं मडक्याच्या गळ्यावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं, झिलई जागची हलली नाही. ती हळूच म्हणाली, "येऊन गेला की काय?"

आणि तोंडून निघालेला शब्द ऐकून तिचं तिलाच कोडं पडलं. येऊन गेला म्हणजे आला? की गेला? तिनं थापी उचलली. बराच वेळ धरली. मग मांडीवर ठेवली.

नांदरुखीत तेव्हापासून माणसाबद्दल 'गेला' म्हणत नाहीत. बाजाराला निघालेला असो की सरणावर ठेवलेला, 'वाटेवर आहे' एवढंच म्हणतात. परक्याचा गोंधळ होतो. तो विचारतो, "कुठल्या वाटेवर?" गावकरी म्हणतात, "ते आम्हालाही कळलं नाही." गोजाबाईचं पुढं काय झालं विचारलं, तर म्हातारी माणसं नुसता हात वर करतात.

कुंभारआळीतल्या सुना आजही सकाळी चुलीआधी त्या मडक्यावर पाणी शिंपडतात. कुणी परगावी निघालं, तर घरचं माणूस येऊन ते फडकं भिजवून जातं. दर पिढीत कुणीतरी म्हणतं, आता हे पुरं करावं. थापी जवळच ठेवलेली आहे, गुंडाही आहे.

मडक्याला बूड अजून लावलेलं नाही.